आधी वेसण, मग झूल

(वापरलेली मोटारसायकल घेतल्यावर तिच्यावर खर्च कुठे करावा, कुठे करू नये)



उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरोघर हिशेब मांडले जातात. सोसायटीचे देणे, खताची उधारी, विहिरीचे काम, पोरीचे लग्न, आणि या सगळ्यांतून चार पैसे उरलेच तर घरातल्या तरुण पोराची मागणी ठरलेली असते. गाडी पाहिजे! नव्या गाडीचा भाव ऐकून बाप गप्प बसतो आणि मग तालुक्याच्या गावी किंवा पाहुण्यारावळ्यांत कुठे चांगली वापरलेली गाडी मिळते का, याचा शोध सुरू होतो. यात कमीपणा काही नाही. खोडवा नीट राखला तर तो लागणीला हार जात नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जुन्या गाडीचेही तसेच आहे.

अडचण पुढेच येते. गाडी दारात आली, तिला हार घातला, नारळ फोडला, की दुसऱ्या दिवशी पोरगं गाडी घेऊन अॅक्सेसरीजच्या दुकानात हजर! रंगीत लायटी, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रुंद टायर, वाकडी नंबरप्लेट. दहा-पंधरा हजार रुपये बघता बघता जातात, आणि ब्रेकचे लायनर मात्र पहिल्या मालकाच्या काळातलेच राहतात. बाजारातून बैल आणल्यावर आपण काय करतो? आधी वेसण आणि कासरा बघतो, नाल मारून घेतो. झूल, घुंगरमाळ आणि शिंगांचा रंग बेंदराला. गाडीलाही हाच क्रम लावावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

'नेकेड' म्हणजे काय?

हल्लीची पोरं ज्या गाडीला 'नेकेड बाइक' म्हणतात, ते नाव ऐकून वडीलधाऱ्यांनी दचकण्याचे कारण नाही. जिच्या अंगावर प्लास्टिकचे मोठे कवच नाही, जिचे इंजिन, चेसी आणि नळ्या उघड्या दिसतात, ती नेकेड. शर्यतीच्या गाड्यांना वारा कापण्यासाठी पुढून जे कवच घालतात त्याला फेअरिंग म्हणतात. ते नसलेली ती ही गाडी. त्या अर्थाने आपल्या वडिलांच्या काळातील राजदूत, येझदी आणि बुलेट या सगळ्या नेकेडच होत्या. २००१ साली बजाजची पल्सर आली, २००८ साली यामाहाची एफझेड आली, आणि या जातीच्या गाड्यांचे वेड गावोगाव पोचले. आज जुन्या बाजारात दीडशे सीसीच्या ज्या गाड्या मिळतात त्यांत पल्सर, एफझेड, युनिकॉर्न आणि अपाची याच अधिक दिसतात.

उघड्या गाडीचा एक मोठा फायदा म्हणजे तिचे दुखणे लपत नाही. तेल कुठे पाझरते, तार कुठे सोलली आहे, चेसीला वेल्डिंग केले आहे का, हे खाली बसून पाहिले की दिसते. तोटाही तोच. चिखल, खडी आणि पाऊस यांचा मारा थेट इंजिनावर होतो, आणि गाडी पडली तर हँडल, लिव्हर, टाकी, इंजिनाचे झाकण असे सगळे जमिनीला लागते. तिला काय जोडावे हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पहिला खर्च कागदाचा

गाडी आपल्या नावावर होत नाही तोवर तिला एक बोल्टही नवा लावू नये. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून आरटीओकडे द्यावेत. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. "होईल की सावकाश, माणूस ओळखीचा आहे," असे म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच कायद्याने मालक. म्हणजे गाडी विकूनही नाव बदलले नसेल, तर अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या मानगुटीवर बसू शकते. तेव्हा आपल्यापैकी जे गाडी विकणार आहेत त्यांनीही हे वाचून ठेवावे.

नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. त्यापुढे पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे राज्यात बंधनकारक केले आहे. ४१४१ आकड्याचा 'दादा' करून मिरवण्याचे दिवस त्यामुळे संपले. आकडा आकड्यासारखाच दिसला पाहिजे.

वेसण आणि नाल : ब्रेक, टायर, चेन

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. समोर काही दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण चौपट अंतर लागते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे. त्यात जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होत नाही. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ही सोय नाही आणि मागाहून बसवणेही व्यवहारात जमत नाही. म्हणून जुन्या गाडीचे ब्रेक आणि टायर ठणठणीत असणे अधिकच गरजेचे.

मागचे लायनर आणि पुढच्या डिस्कचे पॅड उघडून पाहावेत. शंका असेल तर बदलावेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे असते. जुन्या मालकाने बदलले असेल या भरवशावर राहू नये. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच ऑइल घालावे. पुढच्या शॉकअपचे सील गळत असेल तर तेही आधी बदलावे, कारण ते तेल डिस्कवर आले की ब्रेक लागत नाही. हँडलचा कोनसेट तपासायची साधी रीत आहे. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवावी. हँडलात खटखट जाणवली तर मेस्त्रीला दाखवावे.

टायर गोटा झाला आहे की नाही हे डोळ्यांना दिसते, पण टायरचे वय दिसत नाही. ते टायरच्या कडेवर चार आकड्यांत छापलेले असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असूनही रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्या असतील तर तो टायर पावसात दगा देतो. कंपनीने दिला त्याच मापाचा नवा टायर घालावा. रुंद टायर घातला की गाडी भारदस्त दिसते खरी, पण रिमवर टायर नीट बसत नाही, वळणावर गाडी जड लागते आणि अॅव्हरेज घटते. रिम आणि गाडी ट्यूबलेसची असेल तर ट्यूबलेसच ठेवावा. बाभळीचा काटा लागला तर बहुधा हवा हळूहळू उतरते आणि गाडी कडेला घ्यायला सवड मिळते. हवा किती, हे चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. एकट्यासाठी वेगळी आणि डबलसीटसाठी वेगळी.

चेन-स्प्रॉकेट झिजले असेल तर पूर्ण संच बदलावा. नुसती चेन बदलली तर जुने दाते नव्या चेनला लवकर खातात. चेन बोटाने वर-खाली करून साधारण इंचभर सैल असावी. अगदी ताणून बसवली तर ओझे पडताच बेअरिंगवर जोर येतो. उसाच्या पट्ट्यातील चिखलातून जाणाऱ्या गाडीची चेन आठवड्याला पुसून तिला तेल द्यावे.

पेट्रोलची नळी, आणि आपलाच ऊस

आता एक गोष्ट आपल्या धंद्याची. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशाचे उद्दिष्ट २० टक्क्यांचे होते आणि २०२५ साली ते गाठले गेले. हे इथेनॉल बनवण्यात उसाचा रस आणि मळी यांचा मोठा वाटा आहे, म्हणजे त्यात आपल्याही घामाचा हिस्सा आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण जुन्या गाडीच्या मालकाने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली ही, की पूर्वीच्या गाड्यांचे रबरी भाग, म्हणजे पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरमधली वायसरे आणि ओ-रिंग, हे इतक्या इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच अशा जुन्या दुचाकींचे अॅव्हरेज सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे.

दुसरी गोष्ट, इथेनॉल पाणी ओढते. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने गोठ्यात उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज जमतो. यावर उपाय स्वस्त आहे. गाडी घेतल्याबरोबर पेट्रोलची नळी इथेनॉलला टिकणाऱ्या जातीची घालावी, फिल्टर बदलावा, कार्ब्युरेटर उघडून वायसरे नवी टाकावीत आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी. पेट्रोलची नळी इंजिनाजवळूनच जाते. ती चिरली तर आग लागू शकते, हे विसरू नये.

दिसणे आणि दिसून येणे

हंगामात रात्री आपल्या रस्त्यांवर काय असते हे आपल्याला ठाऊक आहे. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेली मोळी, काट्यापुढची रांग. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला की मधली बिनलायटीची ट्रॉली दिसत नाही. ज्यांच्या घरी असे काही घडले आहे त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

म्हणून लायटीचा खर्च हा खरोखरीच उपयोगाचा खर्च आहे, पण तो समजून करावा. पिवळी पडलेली हेडलाइटची काच आणि काळवंडलेला रिफ्लेक्टर बदलला तरी निम्मा उजेड परत येतो. दुकानदार ३५ वॅटच्या जागी ६० वॅटचा बल्ब घालून देतो. त्याने होल्डर वितळतो, जुन्या तारा तापतात आणि बॅटरी पुरी पडत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी बल्ब घातला तर उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्याला दिसले नाही तर तो आपल्याच अंगावर येणार! जादा दिवे लावायचेच असतील तर एक जोडी, खालच्या बाजूला, तोंड जमिनीकडे करून, वेगळ्या रिले आणि फ्यूजवर लावावी, आणि समोरून गाडी आली की बंद करावी. तार सोलून तिला दुसरी तार गुंडाळून चिकटपट्टी मारणे हे वायरमनचे काम नव्हे. शॉर्टसर्किट तिथेच होते. लाल-निळे लुकलुकणारे दिवे तर मुळीच नकोत.

मागचा दिवा, ब्रेकलाइट आणि चारही इंडिकेटर चालू असावेत. मागे लाल आणि कडेला पिवळी चकाकणारी पट्टी लावावी. चहापाण्याच्या पैशात होणारे हे काम आहे. आणि आरसे! जुन्या गाडीचे आरसे बहुधा काढूनच टाकलेले असतात, कारण पोरांना म्हणे ते शोभत नाहीत. कारखाना रस्त्यावर मागून भरलेला ट्रक येतो तेव्हा आरसा म्हणजे पाठीला फुटलेला डोळा. दोन्ही आरसे बसवावेत. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावून आटे मारू नयेत. विचारून घ्यावे.

आपल्या उपयोगाचा साज

एवढे झाल्यावर मग साजाकडे वळावे.

साडीगार्ड : नेकेड गाडीचे मागचे चाक उघडे असते आणि दिसायला बरे म्हणून पहिल्या मालकाने गार्ड काढलेला असतो. मागे घरची लक्ष्मी बसते, शाळेची पोर बसते. पदर किंवा ओढणी चाकात गेली की क्षणात घात होतो. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे साधन, मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ आणि पायटे, या तिन्ही गोष्टी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे असायलाच हव्यात. ही हौस नव्हे, गरज आहे.

चिखलपट्टी आणि बेली पॅन : पुढच्या मडगार्डला खाली रबरी पट्टी लावली तर चिखल आणि खडी इंजिनावर कमी उडते. इंजिनाखाली लावायचा बेली पॅन असेल तर त्यात साचलेला पाचट आणि पाला मात्र काढत जावा. तापलेल्या सायलेन्सरजवळ पाचट बरे नव्हे.

लेगगार्ड : गाडी आडवी पडली तर पाय आणि इंजिन वाचते. तो चेसीच्या मूळ बोल्टांवर घट्ट बसणारा घ्यावा आणि हँडलच्या रुंदीबाहेर जाणारा नसावा. त्याला किटल्या आणि पिशव्या टांगू नयेत.

काच : वारा छातीवर येतो म्हणून हेडलाइटवर छोटी काच लावायला हरकत नाही. मोठी काच आडव्या वाऱ्यात हँडल ओढते.

कॅरियर : दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसते दूधच सुमारे ८२ किलो भरते. वर कॅनचे वजन वेगळे. गाडी दोन माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते, तेव्हा कॅन टांगल्यावर मागे माणूस बसवू नये. ओझे जितके खाली आणि जितके पुढे तितके बरे. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेले की पुढचे चाक हलके पडते आणि हँडल हातात राहत नाही.

मोबाइल चार्जर आणि स्टँड : चार्जर फ्यूजवर आणि किल्लीच्या लाइनवर घ्यावा, नाहीतर रात्रभर बॅटरी उतरते. महागड्या फोनचा कॅमेरा इंजिनाच्या थरथरीने बिघडू शकतो, असा इशारा २०२१ साली अॅपल कंपनीनेच दिला आहे. चालत्या गाडीवर फोन बघणे तर कोणत्याच स्टँडने सुरक्षित होत नाही.

हे करू नये

पोरगं म्हणतं, "आबा, सायलेन्सर बदलला की बुलेटसारखा आवाज येतो बघा." आबांनी सांगावे, "बाळा, पेट्रोल तेवढंच, ताकद तेवढीच, नुसती बोंब वाढते." कंपनीने दिलेल्या नोंदीशी विसंगत फेरफार गाडीत करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. सायलेन्सर, चेसी कापून आखूड केलेली शेपटी, बदललेले इंजिन, हे सगळे यात येते. शिवाय अपघात झाला तर असे फेरफार पाहून विमा कंपनी भरपाईला खळखळ करते, ती वेगळीच. निरनिराळ्या सुरांचे हॉर्नही नियमात बसत नाहीत. वासरू बुजते, म्हातारे माणूस दचकते. एक चांगला साधा हॉर्न पुरतो.

हेल्मेट

सर्वांत महत्त्वाची वस्तू गाडीला लागत नाही, डोक्याला लागते. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही कलम १२९ प्रमाणे हेल्मेट सक्तीचे आहे. ते नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित होऊ शकतो. आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून घ्यावे. १ जून २०२१ पासून शिक्का नसलेले हेल्मेट विकण्यासच मनाई आहे, तरी रस्त्याच्या कडेला ते मिळते. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताना आधी निघून जाते. रात्रीसाठी काच पांढरीच असावी. चार वर्षांखालच्या मुलासाठी मापाचे हेल्मेट आणि बांधायचा पट्टा, आणि त्या वेळी वेग ४० च्या आत, असा नियम आहे. "शेतापर्यंतच जायचंय की," म्हणून ते खुंटीला ठेवू नये. शेताच्या वाटेवरही ट्रॅक्टर असतोच.

क्रम असा लावावा

१) कागदपत्रे आणि विमा नावावर.
२) दोन हेल्मेट.
३) ब्रेक, टायर, चेन, कोनसेट.
४) पेट्रोलची नळी, फिल्टर, इंजिन ऑइल.
५) दिवे, इंडिकेटर, आरसे, चकाकणारी पट्टी.
६) साडीगार्ड, मूठ, लेगगार्ड, चिखलपट्टी.
७) एवढे करून पैसे उरले तर सीटकव्हर, टाकीकव्हर, रंग. पोराची हौस आहे, तीही पुरवावी.

हा क्रम पाळला तर पहिल्या सहा कलमांचा खर्च अनेकदा एका भपकेबाज सायलेन्सर-टायरच्या खर्चाइतकाच येतो, आणि गाडी पुढे कित्येक वर्षे बिनघोर चालते.

जाता जाता एक विनंती. रात्री मोटारसायकलवर असणारा पोरगा आपला असतो, आणि पुढची ट्रॉली किंवा बैलगाडीही आपल्याच कोणा सभासदाची अथवा तोडणीवाल्या बांधवाची असते. तेव्हा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या ट्रेलरला आणि गाडीला मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि मोळ्या बाहेर लोंबू देऊ नका. बापाने ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावावा आणि पोराने गाडीचे ब्रेक करून घ्यावेत. ही दोन्ही कामे बेंदूर ते दसरा एवढ्या सवडीत सहज होण्यासारखी आहेत.